रोपाला आधी ऊन दाखवा: महाराष्ट्रातल्या भाजीपाला रोपवाटिकाधारकांना खुलं पत्र

प्रिय रोपवाटिकाधारक दादा-ताईंनो,

सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातली टोमॅटो पिकवणारी शेतकरी. लग्न होऊन या गावात आले त्याला सोळा वर्षं झाली. माहेरी असताना वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलं होतं, त्या पुस्तकी ज्ञानाचा शेतात उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. आता दरवर्षी जून-जुलैत तुमच्यापैकी कोणाच्या तरी दारात ट्रे मोजत मी उभी असते. तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही. घरी वाफे टाकून रोपं करणारे आता गावात बोटांवर मोजण्याइतके उरलेत. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे. तक्रार आहे, पण भांडण नाही. तुम्ही पंचवीस दिवस रोप जिवापाड जपता, हे मी पाहिलंय. त्या जपण्यातच एक गोष्ट राहून जाते आहे, तेवढी सांगायची आहे.

तीन वर्षांपूर्वीची लागवड. जुलैचा तिसरा आठवडा, चार दिवस झडीचा पाऊस, आभाळ गच्च. वीस गुंठ्यांवर चंदेरी मल्चिंग, म्हणजे जमीन झाकणारा प्लॅस्टिकचा कागद, अंथरलेलं, ड्रिपच्या नळ्या तपासलेल्या. रोपं एका नर्सरीतून आणली होती. नाव लिहीत नाही, कारण त्या माणसाचा काही दोष आहे असं मला आजही वाटत नाही. रोपं दृष्ट लागावी अशी होती. वीतभर उंच, लुसलुशीत, सगळी एकसारखी. संध्याकाळी लागवड झाली. कडेच्या तीन ओळींना रोपं कमी पडली, तिथे सासूबाईंनी परसात टाकलेल्या वाफ्यातली रोपं लावली. वाण तोच, बी त्याच पाकिटातलं. पण ती रोपं बुटकी, जाड, देठ जांभळट. लावताना मलाच ती ओळीत विजोड वाटत होती.

तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. आभाळ असं धुऊन निघालं होतं की सप्तशृंगीचा डोंगर हाताशी आल्यासारखा दिसत होता. पारा तिशीच्या आत. जमीन ओली. वारा नाही म्हटलं तरी चालेल. दोन दिवसांत नर्सरीच्या रोपांची वरची पानं पांढुरकी पडली. आधी चकाकी आल्यासारखी, मग कागदासारखी कोरडी. सासूबाईंच्या तीन ओळी जशाच्या तशा होत्या.

दुकानात पान दाखवलं. करपा आहे म्हणाले आणि बुरशीनाशक दिलं. मारलं. फरक पडला नाही, पडणारही नव्हता. कारण त्या पानांवर मला जे दिसत होतं ते बुरशीचं नव्हतं. जिथे एका पानावर दुसऱ्या पानाची सावली पडत होती, तिथे त्या सावलीच्या आकाराचा हिरवा ठसा तसाच उरला होता. बुरशी सावली बघून थांबत नाही. उन्हाचा चटका म्हणावा तर उष्णता कुठे होती? आणि पाण्याची ओढ म्हणावी तर बेड ओलाच होता. उन्हाळ्यात मल्चिंगचा कागद तापून रोपाचं बुड भाजतं, तिथे खोडाला कड्यासारखी खूण दिसते आणि रोप कोलमडतं. इथे बुड ठणठणीत होतं. भाजलं होतं ते फक्त आभाळाकडे तोंड केलेलं पान.

त्या रात्री जुनी पुस्तकं काढली.

सूर्याच्या प्रकाशात आपल्याला दिसतो तो उजेड असतो, अंगाला जाणवते ती ऊब असते आणि या दोन्हींपलीकडे न दिसणारे, न जाणवणारे अतिनील किरण असतात. त्यातले सर्वांत घातक किरण वरच्या वातावरणातच अडतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे, ज्यांना यूव्ही-बी म्हणतात, ते थोडे खाली पोहोचतात. त्याहून सौम्य यूव्ही-ए भरपूर पोहोचतात. यूव्ही-बी प्रमाणात अगदी कमी, पण कोवळ्या पानाच्या पेशीत शिरून गुणसूत्रातल्या डीएनएचे दुवे बिघडवण्याइतके ते ताकदवान असतात. ते किती मिळतात हे हवेच्या उष्णतेवर अवलंबून नाही. सूर्य किती उंच आहे आणि आभाळ किती स्वच्छ आहे, यावर ते ठरतं. सूर्य डोक्यावर असला की किरणांना ओझोनच्या थरातून सर्वांत जवळच्या वाटेने यायला मिळतं.

आता आपल्या नाशिकचा सूर्य बघा. मेच्या २० तारखेच्या आसपास तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली नाहीशी होते. मग तो किंचित उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या २३-२४ तारखेला परत डोक्यावर येतो. म्हणजे आपण ज्या आठवड्यात खरिपाचा टोमॅटो लावतो, त्याच आठवड्यात सूर्य मे महिन्याइतकाच उंच असतो. ढगांमुळे ते आपल्या लक्षात येत नाही. पाऊस उघडला, धूळ धुतली गेली की गार हवेतही दुपारचा यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, अकराच्या पुढे जाऊ शकतो आणि अकराच्या पुढचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर सर्वांत वरच्या, म्हणजे अतितीव्र गटात येतो. हा आकडा आता साध्या मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवरही दिसतो. आम्ही शेतकरी तापमान बघतो, पावसाची टक्केवारी बघतो, त्याच्याच खाली असलेला हा आकडा बघत नाही. मीही बघत नव्हते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. आपण घाटमाथ्यावरची माणसं, तेही थोडं आपल्या वाट्याला जास्तच येतं.

इथे एक गैरसमज बाजूला ठेवते, कारण पारावर तो हमखास निघतो: ओझोनला भोक पडलंय म्हणून पिकं जळतात. ओझोनचं ते भगदाड अंटार्क्टिकावर सापडलं, १९८५ साली. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, घातक वायू हळूहळू बंद झाले आणि तो थर आता सावरतो आहे. आपल्याकडे, विषुववृत्ताच्या जवळच्या पट्ट्यात, ओझोनचा थर निसर्गतःच थंड देशांपेक्षा पातळ असतो आणि सूर्य उंच असतो. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या वांग्या-मिरच्यांनीही हेच ऊन खाल्लं. त्यांची रोपं त्यात टिकत होती. ऊन तेच आहे, रोप वाढतं ते घर मात्र बदललं.

आणि रोप कसं टिकतं, हे मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटलेलं प्रकरण आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. रोपाला यूव्ही-बी ओळखता येतं. त्यासाठी पेशीत यूव्हीआर-८ नावाचं एक प्रथिन असतं. ते हे किरण नेमकं कसं टिपतं, हे २०११ साली उलगडलं. एरवी या प्रथिनाचे दोन तुकडे एकमेकांना बिलगून जोडीने बसलेले असतात. यूव्ही-बी पडलं की जोडी सुटते, आणि सुटलेला तुकडा पेशीला निरोप देतो: ऊन आलंय, तयारीला लागा. मग पान आपल्या वरच्या त्वचेत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं साठवायला लागतं. ती दिसणारा उजेड आत जाऊ देतात, अतिनील किरण अडवतात. जोडीला पान जाड होतं, मेणाचा थर वाढतो, कांड्या आखूड राहतात, देठावर जांभळी झाक येते. शिवाय बिघडलेला डीएनए दुरुस्त करणारं एक विकरही पानात असतं, आणि गंमत म्हणजे ते निळ्या उजेडाच्या आणि यूव्ही-एच्या ऊर्जेवर चालतं. म्हणजे उन्हाने झालेली इजा ऊनच भरून काढतं, पण पानाला वेळ मिळाला तर.

हा वेळ म्हणजे काही दिवस. निरोप काही तासांत जातो, पण पानावर कवच चढायला दिवस लागतात. जुन्या पानाची त्वचा पूर्ण बदलत नाही, नवं पान मात्र तयारीनिशी उमलतं. ज्या रोपाने पंचवीस दिवसांत यूव्ही-बी पाहिलंच नाही, त्याला तो निरोप कधी मिळालाच नाही. त्याला आपण संध्याकाळी उचलतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या रानात उभं करतो.

आता तुमच्या छताबद्दल. पावसाळ्यात तुम्ही वर प्लॅस्टिकचा कागद घालता आणि खाली हिरवी शेडनेट ओढता. पाऊस अडवायला कागद हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या कागदावर ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ असं छापलेलं असतं त्याचा अर्थ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी चुकीचा घेतलाय. मीही तो ‘रोपाला यूव्हीपासून संरक्षण’ असाच घेत होते. तो शब्द कागदासाठी आहे. उन्हाने प्लॅस्टिक चुरतं, ते दोन-तीन हंगाम चुरू नये म्हणून त्यात द्रव्यं मिसळलेली असतात. त्यातली काही द्रव्यं अतिनील किरण शोषतात, तेव्हा खालचं रोपही त्या किरणांना पारखं होतं. काही द्रव्यं फक्त प्लॅस्टिकचे दुवे तुटू देत नाहीत आणि किरण बऱ्यापैकी खाली जाऊ देतात. दोन्ही कागद दिसायला सारखे, दोन्हींवर शिक्का तोच. म्हणून कागद घेताना विक्रेत्याला दोन वेगळे प्रश्न विचारा. हा कागद किती वर्षं टिकेल? आणि यातून रोपापर्यंत यूव्ही किती जातं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागद बनवणाऱ्याकडे असतं. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

यूव्ही अडवणाऱ्या कागदाचे फायदे मला ठाऊक आहेत. पांढरी माशी आणि फुलकिडे यूव्ही बघू शकतात, त्यावरून दिशा शोधतात. ते नसलं की आत कमी शिरतात, आणि चुरडामुरडा, म्हणजे पानं आकसवणारा व्हायरसचा रोग, कमी येतो. व्हायरसने पूर्ण प्लॉट गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हा कागद फेकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. रोपाला पहिले पंधरा-अठरा दिवस त्या छताखाली ठेवा. माझं सगळं म्हणणं शेवटच्या सात दिवसांपुरतं आहे.

या सात दिवसांबद्दल मला पुस्तकांनी सांगितलं त्याच्या आधी सासूबाईंनी सांगितलं होतं, मला ते कळलं नव्हतं एवढंच. त्या अजून परसात गादीवाफा टाकतात. बी उगवलं की वाफ्यावर चार मेढी रोवून तुराट्यांचा बुटका मांडव घालतात. रोप दोन पानांवर आलं की दर दोन दिवसांनी त्यातल्या चार-चार तुराट्या काढून घेतात. काढलेल्या तुराट्या चुलीला जातात. लागवडीच्या आठवडाभर आधी मांडव संपलेला असतो. मी एकदा विचारलं होतं, एकदमच का नाही काढत? त्या म्हणाल्या, “पोर एकदम उन्हात सोडतेस का?” यूव्हीआर-८ त्यांना माहीत नाही. पण त्या तुराट्या मोजून काढतात, कारण त्यांच्या आईनेही तशाच काढल्या होत्या. शेडनेट दोरीने बांधलेली असते, ती रोज थोडीथोडी निघत नाही. आपल्या आधुनिक रोपवाटिकेतून हरवलं ते एवढंच.

केळीवाले मात्र हे विसरले नाहीत. जळगावकडे ऊतिसंवर्धित केळीचं रोप बाटलीतून बाहेर आलं की आधी हरितगृहात, मग शेडनेटमध्ये, असं दोन टप्प्यांत कणखर केलं जातं, आणि त्यात काही आठवडे जातात. तिथला शेतकरी रोप घेताना हार्डनिंग झालंय का, हे विचारतो आणि नसेल तर परत फिरतो. बाटलीतलं रोप नाजूक असतं हे सगळ्यांना पटलेलं आहे. ट्रेमधलं रोपही आता जवळजवळ बाटलीतलंच झालंय, हे आपल्याला अजून पटायचं आहे.

ही नुसती पुस्तकातली गोष्ट राहू नये म्हणून पुढच्या वर्षी मी करून पाहिलं. लागवडीच्या आठ दिवस आधीच ट्रे घरी आणले. अर्धे पडवीत नेटखाली ठेवले, अर्धे अंगणात काढायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस सकाळी नऊपर्यंतचं ऊन. मग दोन दिवस अकरापर्यंत, आणि दुपारी चारनंतर पुन्हा. पाचव्या दिवशी साडेबारापर्यंत. शेवटचे दोन दिवस पूर्ण उन्हात. दिवसभरातल्या अतिनील किरणांचा मोठा हिस्सा दहा ते दोन या चार तासांतच येतो, म्हणून हे चार तास सर्वांत शेवटी द्यायचे. एका दिवशी मी बाजारातून यायला उशीर केला आणि दुसऱ्याच दिवशीच्या दोन ट्रेंना भर दुपारचं ऊन लागलं, त्यातली निम्मी रोपं गेली. दुसरी अडचण पाण्याची. अठ्ठ्याण्णव कप्प्यांच्या ट्रेमध्ये एका रोपाला चमचाभर कोकोपीट असतं, उघड्यावर ते दोन तासांत सुकतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तीनदा झारी फिरवावी लागली. रोप कणखर करायचं म्हणून पाणी तोडायचं, असं काही जण करतात, मला ते पटत नाही. पाणी थोडं कमी करावं, रोपाने मान टाकेपर्यंत ताणू नये. तहानलेलं रोप उन्हाशी लढू शकत नाही.

आठ दिवसांनी अंगणातली रोपं पडवीतल्या रोपांपेक्षा दोन बोटं बुटकी होती. पानं लहान, जाड, गडद, हाताला जरा खरखरीत. देठ जांभळा. गावातल्या एकाने बघितलं आणि स्फुरद कमी पडलं म्हणाला. स्फुरद कमी पडलं की पानाची खालची बाजूही जांभळी होते आणि रोपाची वाढ थांबते, या रोपांना नवी पानं फुटत होती. लागवडीनंतर पाचव्या दिवशी उघडीप आली. पडवीतल्या रोपांची वरची पानं पुन्हा पांढुरकी झाली, अंगणातल्यांची नाही. पहिला तोडा दोन्हींत आठवडाभराच्या फरकाने निघाला. एका रानातला एक अनुभव, त्यावरून कोणी नियम काढू नये. ऊन, वारा, मुळांची वाढ, सगळंच अंगणात वेगळं होतं आणि यातलं नेमकं किती यूव्हीचं, हे मला वेगळं करून दाखवता येणार नाही. पण मी एकटीच हे बोलत नाही. लेट्यूसच्या रोपांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यातही बालपणी यूव्ही-बी मिळालेली रोपं पुढे कडक उन्हात जास्त चांगली टिकली होती.

चंदेरी मल्चिंगबद्दलही एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. तो कागद ऊन वर परतवतो, त्यात यूव्हीही येतं. पांढरी माशी आणि मावा त्याने बिचकतात, म्हणून आपण तो घालतो आणि घालावाच. पण रोपाच्या पानाची खालची बाजू वरच्या बाजूइतकी कवचाची नसते. कोवळं रोप चंदेरी कागदावर उभं केलं की त्याला वरून आणि खालून दोन्हीकडून ऊन लागतं. अशा रानात तयार नसलेलं रोप देणं जास्तच जोखमीचं आहे.

काकडी, कलिंगड, खरबूज या वेलवर्गीय रोपांना तर आणखी सांभाळावं लागतं. काकडीची दलपत्रं, म्हणजे बीतून पहिल्यांदा उघडणारी दोन पानं, यूव्ही-बीला फार हळवी असतात, हे प्रयोगशाळांतून कधीच दिसलेलं आहे. ही रोपं बारा-पंधरा दिवसांतच बाहेर पडतात, म्हणजे तयारीला वेळच नसतो. त्यांना निदान तीन-चार दिवस सकाळचं ऊन दाखवा आणि शेतकऱ्याला लागवडीबरोबर क्रॉप कव्हर, म्हणजे रोपं झाकायचं हलकं कापड, घालायला सांगा. कव्हर काढायचं तेही ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी, आणि शक्य असेल तर आधी दोन दिवस एक बाजू उचलून. कोबीचं तसं नाही. त्याच्या पानावर मुळातच मेण असतं, ते बऱ्यापैकी सोसतं. मिरचीला पस्तीस-चाळीस दिवस मिळतात, तिथे सात दिवस काढणं तुम्हाला जड जाऊ नये.

तुमच्या अडचणी मी मांडून पाहिल्या आहेत. उघड्यावर काढलं तर व्हायरसची माशी बसेल, ही पहिली. त्यावर मला सुचलेला मार्ग असा: सात दिवसांसाठी एक वेगळा कप्पा करा, त्याला चारही बाजूंनी आणि वर फक्त पांढरी कीटकरोधक जाळी लावा. हिरवी शेडनेट नाही, कागद नाही. माशी बाहेर राहील, आणि शेडनेटपेक्षा कितीतरी जास्त ऊन आत येईल. दुसरी अडचण पावसाची. जोराचा पाऊस आला तर ट्रे धुऊन निघतील. त्या कप्प्यावर कागद गुंडाळून ठेवा, दोरी ओढली की पसरेल आणि पाऊस गेला की परत गुंडाळता येईल. झाकायचं ते पावसापुरतं. तिसरी अडचण जागेची आणि मजुरीची. ट्रे हलवायला माणूस लागतो, सात दिवस जास्त जागा अडते, मग पुढची बॅच रखडते. ही खरी अडचण आहे आणि तिचे पैसे होतात. ते पैसे आमच्याकडून घ्या. दीड रुपयाच्या रोपाचे पावणेदोन रुपये मी आनंदाने देईन. त्या वर्षी रोपांची तूट भरायला, फवारणीला आणि उशिरा आलेल्या मालाला माझं जे गेलं, त्याच्यापुढे हे पंचवीस पैसे काहीच नाहीत.

यात आम्हा शेतकऱ्यांचा वाटा मोठा आहे, तेही लिहायला हवं. आम्ही रोप घ्यायला येतो तेव्हा उंची बघतो आणि काळोखी बघतो. हिरवंगार, लांब, मऊ रोप दिसलं की हात तिकडे जातो. बुटकं, जांभळ्या देठाचं रोप दिलंत तर आम्हीच म्हणतो, दादा, हे रोप अडकलेलं दिसतंय. म्हणून मग शेवटच्या आठवड्यात नत्राचा एक हलका डोस जातो आणि आम्हाला हवी तशी काळोखी येते. शिवाय आम्हाला घाई असते. पाऊस पडला, वाफसा आला की उद्याच रोप हवं. सात दिवस थांबा म्हणालात तर आम्ही शेजारच्या नर्सरीत जातो. मी माझ्या ओळखीच्या शेतकरी बायकांना, बचत गटात, हे सांगायला सुरुवात केली आहे. बुकिंग करतानाच तारीख सात दिवस पुढची धरा, आणि रोप बुटकं दिसलं म्हणून परत पाठवू नका.

तुमच्याकडे माझी मागणी एकच आहे. प्रत्येक ट्रेसोबत, किंवा निदान प्रत्येक बिलासोबत, एक चिठ्ठी द्या. त्यावर वाण, बियाण्याचा लॉट आणि पेरणीची तारीख तर असावीच. त्याखाली एक ओळ असावी: हे रोप किती दिवस उघड्या उन्हात राहिलं. शून्य असेल तर शून्य लिहा. शून्य लिहिलेलं रोप मी घेणार नाही असं नाही. घेईन, पण मग मला कळेल की घरी नेऊन आठ दिवस अंगणात ठेवायचं आहे, किंवा पहिले दिवस त्यावर कव्हर घालायचं आहे. बियाण्याच्या पाकिटावर उगवणक्षमता छापलेली असते, कारण कायदा तसं सांगतो. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या व्याख्येत रोपंही येतात. पण आम्ही भाजीची रोपं विकत घेतो तेव्हा आमच्या हातात पडते ती पैशाची पावती. कायद्याची वाट न बघता ही ओळ तुम्ही उद्यापासून लिहू शकता. त्याला एक पेन पुरेल.

कृषी विभागातले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठीही थोडं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेतून शेडनेट आणि टनेलसाठी अनुदान मिळतं, त्यामुळे गावोगावी नव्या रोपवाटिका उभ्या राहिल्या, अनेक बायकाही त्यात उतरल्या. त्याच आराखड्यात पांढऱ्या जाळीचं एक अंगण धरा. सावलीला पैसे देता, तसे थोडे उन्हालाही द्या. आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही विद्यापीठांनी आपापल्या भागात, आपापल्या भाजीवर, किती दिवस आणि कोणत्या वेळी ऊन दाखवायचं याचं वेळापत्रक करून द्यावं. माझं वेळापत्रक माझ्या अंगणापुरतं आहे. विदर्भातल्या मेमधल्या मिरचीला ते चालणार नाही, तिथे उष्णताच आधी रोप मारेल.

येत्या जुलैत मी पुन्हा वीस गुंठे लावणार आहे. दहा गुंठ्यांत तुमच्या नर्सरीतून थेट आलेली रोपं, दहा गुंठ्यांत सात दिवस अंगणात राहिलेली, वाण एक, मल्चिंग एक, लागवडीची संध्याकाळ एक. मधल्या बांधावरून दोन्ही बाजू दिसतात. लागवडीनंतरची पहिली उघडीप आली की मी नर्सरीवाल्यांना आणि शेजारपाजारच्या शेतकऱ्यांना निरोप देणार आहे. जमेल त्यांनी दुपारी बाराच्या आत या, म्हणजे पानं स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतील. सासूबाईंचा वाफाही परसात असेल. यंदाच्या तुराट्या त्यांनी आत्ताच बांधून ठेवल्या आहेत.

आपली,
दिंडोरी तालुक्यातली एक टोमॅटो उत्पादक